थकलेला प्रभू

जबलपूर येथील आमच्या मंडळीतील एक भगिनी कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करीत आहे. एका उपासनेनंतर ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, मी अगदी टायर्ड झाले आहे. असे म्हणणे पाप आहे का?" विश्वास दृढ असला म्हणजे थकवा येत नाही, असे कोणा उपदेशकाने तिला सांगितले होते.

तिने 'थकले' म्हटले नाही, यात मला अर्थ दिसला. इंग्रजीतील 'टायर्ड' श्रमाने गळून गेलेल्या देहालाही लागतो आणि पुढे 'ऑफ' जोडला की विटलेल्या मनालाही. मराठीत थकणे, दमणे, शिणणे निराळे, कंटाळणे निराळे. ती थकली होती, आणि कंटाळल्याचा दोष स्वतःला लावीत होती.

भाषांतर करताना हा भेद टाळता येत नाही. गलती 6:9 आणि योहान 4:6 या दोन्ही ठिकाणी जुने इंग्रजी शास्त्र 'विअरी' याच शब्दाचा आश्रय घेते. मूळ ग्रीकमध्ये मात्र क्रियापदे दोन आहेत. गलतीकरांना पौल सांगतो ते धीर न सोडण्याविषयी. तेथे आपल्या मराठी शास्त्रातील 'कंटाळा' हा शब्द अचूक आहे. योहानात आहे 'कोपियाओ', म्हणजे श्रमणे आणि श्रमून थकणेही. लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात ग्रीक शिकणाऱ्याला हे नवल वाटेल. संस्कृत जाणणाऱ्याला वाटू नये. श्रम, श्रांत, विश्रांती ही एकाच धातूची लेकरे. मत्तय 11:28 मध्ये प्रभू ज्यांना बोलावतो त्यांच्यासाठी हेच क्रियापद आहे. पौल स्वतःच्या सेवेविषयी (1 करिंथ 15:10) आणि रोम येथील तीन स्त्रियांच्या सेवेविषयी (रोम 16:12) तेच वापरतो. थकवा हा अविश्वास असता, तर त्याने तो शब्द गौरवाने लिहिला नसता.

एलीयाने तर झुडपाखाली मरण मागितले. देवाने त्याला आधी झोप दिली, दोनदा भाकर व पाणी दिले. प्रश्न विचारला तो पुढे, होरेबावर. आम्ही उपदेशक नेमका हा क्रम उलटा करतो.

मी त्या भगिनीला योहानाचा चौथा अध्याय वाचावयास सांगितले. भर दुपारी प्रवासाने थकलेला प्रभू याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि एका अनोळखी स्त्रीकडे पाणी मागतो. या भगिनीने आजवर कोणाकडे काहीच मागितले नव्हते. पुढच्या रविवारी तिने मागितले. आता मंडळीतील दोघी जणी आठवड्यातून दोन रात्री सासूबाईंपाशी जागतात, आणि त्या रात्री ती झोपते.