इसहाकाच्या घरात ठाऊक होते ते

वृद्ध इसहाकाची दृष्टी मंदावली होती, असे उत्पत्तीच्या २७व्या अध्यायात आपण वाचतो. व्याधीचे नाव शास्त्र सांगत नाही. त्याने पुत्राला चाचपले, वस्त्रांचा वास घेतला, तरीही तो फसला. पित्याला दिसत नाही हे घरच्यांना ठाऊक होते. त्या माहितीचा उपयोग मात्र कपटासाठी झाला.

आपल्या घरच्यांना काय ठाऊक असते? रायपूरच्या चौबे कॉलनीत, महाराष्ट्र मंडळाच्या परिसरात राहणारे मराठी कुटुंब असो वा तुमचे-आमचे, मोतीबिंदू सर्वत्र सारखाच, न दुखता येतो. म्हणून ज्याला होतो त्यालाच तो उशिरा कळतो. धुक्यातून पाहिल्यासारखे दिसणे, दिव्याभोवती वलय, रात्री समोरच्या मोटारीचा प्रकाश असह्य होणे, पांढरे वस्त्र पिवळट भासणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, ही त्याची लक्षणे. कधी आजोबा चष्म्यावाचून वाचू लागतात आणि घरात आनंद होतो! तो बहुधा फसवा असतो. डोळ्यातील भिंग घट्ट होत असल्याने जवळचे काही काळ स्पष्ट दिसते, इतकेच.

थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. तो ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचा जुना सल्लाही आता सोडावा. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवता येते. मधुमेह्यांनी तपासणीस विलंब करू नये. डोळा एकाएकी लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आज कौटुंबिक उपासनेत वडील स्तोत्र वाचून म्हणतात की मुखोद्गत, हे जरा निरखून पाहा.