रामेश्वराची लोटी

आमच्या भागात श्रावण म्हणजे सोमेश्वर. करंज्याच्या देवळात सोमवारी पहाटेपासून रांग लागते. मुरूम, वाणेवाडी, निंबुत, वाघळवाडी इथली माणसं येतात, नीरा नदीपलीकडच्या फलटण तालुक्यातलीही येतात. साखर कारखान्याने नाव घेतलं ते याच देवाचं, आणि कारखान्याभोवती वाढलेल्या वस्तीला लोक सोमेश्वरनगर म्हणू लागले. देवाची कथा इथल्या प्रत्येक घरात सांगतात. सौराष्ट्रातल्या सोरटी सोमनाथाच्या दर्शनाला जाणारी एक भक्त बाई म्हातारपणी थकली, तेव्हा देवच तिच्यासाठी करंज्यात आला.

याच रांगेत माझ्या पुतण्याने मला विचारलं, "आप्पा, देव सोमनाथाहून उठून इथं येतो म्हणता, मग तुम्ही इथून उठून समुद्रातल्या बेटावर गेलात ते कशासाठी?" मी नुकताच रामेश्वराहून आलो होतो. पोरगा टवाळ नाही, कीर्तनाला बसणारा आहे. एकनाथ महाराजांच्या गाढवाची गोष्टही त्याने पुराव्यादाखल पुढे केली. त्याला तिथल्या तिथे दोन शब्दांत वाटेला लावणं बरोबर झालं नसतं. हा प्रश्न आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आलेला आहे, आणि त्याचं मला समजलेलं उत्तर सांगायला थोडी जागा लागते.

एकनाथांची गोष्ट यात्रेच्या विरोधात वापरतात, हे मला फार दिवस खटकत आलं आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत पाण्यावाचून तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी रामेश्वराची गंगा त्याच्या तोंडात ओतली. सोबतचे हळहळले, पण नाथांना त्यांचा रामेश्वर तिथेच भेटला होता. कीर्तनकार इथे थांबतो, लोक माना डोलावतात, आणि घरी जाताना ऐकणारा मनाशी म्हणतो, चला, म्हणजे रामेश्वराला जायचं कारण उरलं नाही. पण नाथ पैठणच्या वाड्यात बसून राहिले असते तर ते गाढव त्यांना दिसलंच नसतं. रांजणातलं पाणी तर कुणीही पाजेल, पाजायलाच हवं. नाथांनी पाजलं ते काशीपासून खांद्यावर वाहिलेलं, वाटेत जपलेलं, देवाच्या नावाने राखलेलं पाणी. कावड खांद्यावर नसती तर ते देणार काय होते?

पुंडलिकाचंही तेच. आईबापांची सेवा करून त्याने देवाला विटेवर उभं केलं, हे आपण सांगतो. पण कथेत तोसुद्धा काशीला निघालेला होता, आणि वाटेत कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. नामदेवांना पंढरी सोडवत नव्हती, तरी ज्ञानदेवांनी त्यांना तीर्थयात्रेला नेलं. शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर त्यांना भेटले ते औंढ्या नागनाथाला. देव नसेल अशा जागी माझे पाय उचलून ठेव, असं विसोबा म्हणाले आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. देव सगळीकडे आहे, हे कळायलासुद्धा नामदेवांना पंढरपूरहून औंढ्यापर्यंत जावं लागलं.

एक नाव मात्र या मांडणीत बसत नाही, आणि ते मी शेतकरी म्हणून विसरू शकत नाही. अरणचे सावता माळी. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच अरणला गेला, आणि आजही पंढरपूरहून देवाची पालखी त्यांच्या भेटीला जाते. आमची करंज्याची कथाही त्याच जातीची. पण सावतोबांनी मळ्यात जे वाहिलं, ते नाथांच्या कावडीपेक्षा हलकं नव्हतं. रोज पाणी धरणं, रोज खुरपणं, आणि त्यातच नामस्मरण. ज्याचं रोजचं काम असं झालं असेल त्याने खुशाल घरी थांबावं. मी कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली. गाडी आधी भरलेली काट्यावर येते, मग रिकामी, आणि दोन्ही वजनं घेतल्याशिवाय उसाचा आकडा निघत नाही. माणसाचंही तसंच असावं. काय घेऊन निघाला आणि वाटेत काय उतरवलं, हे दोन्ही बघावं लागतं.

आता बेटाबद्दल. रामेश्वर हे पांबन बेटावर आहे. मुख्य भूमीशी ते जोडलं गेलं १९१४ मध्ये, रेल्वेच्या पुलाने. मोटारीचा पूल १९८८ चा. २०२५ च्या रामनवमीला रेल्वेचा नवा पूल सुरू झाला, त्याचा मधला भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. दोन्ही बाजूंना हिरवंनिळं पाणी, त्यात मासेमारीच्या होड्या. आमच्याकडे पाणी म्हणजे नीरा डावा कालवा, त्याचं आवर्तन, पाटकऱ्याची वाट पाहणं. डोळे पुरणार नाहीत एवढं पाणी समोर आणि त्यातलं ओंजळभरही पिता येत नाही, याचं मला वारंवार नवल वाटत होतं.

म्हणूनच देवळातल्या विहिरींपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. आधी पूर्वेच्या अग्नितीर्थात, म्हणजे समुद्रातच, स्नान करायचं आणि ओल्या अंगाने देवळात शिरायचं. आत बावीस तीर्थं आहेत, त्यातल्या बहुतेक विहिरी. कठड्यावर एक माणूस उभा असतो, लुंगी वर खोचलेली, हातात दोराला बांधलेली बादली. बादली आत सोडतो, मनगटाला एक झटका देतो, ती बुडते, आणि चार हातांत वर ओढून समोरच्याच्या डोक्यावर रिकामी करतो. दोर ओढून तळहाताची कातडी घट्ट झालेली. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं लागलं. एका विहिरीचं गार, दुसरीचं कोमट. त्या लांबच लांब दगडी ओवऱ्यांतून, बाराशेच्या वर खांबांमधून, ओलीचिंब माणसं एका विहिरीकडून दुसरीकडे धावत असतात. गुजराती, तेलुगू, नेपाळी, आपल्या नऊवारीतल्या बायका. कुणाची जात, कुणाची शेती किती, हे ओल्या अंगावरून कळत नाही. नंतर कोरडे कपडे घालूनच गाभाऱ्याकडे सोडतात.

गाभाऱ्याचे पुजारी मूळचे महाराष्ट्रातले, हे अनेकांना माहीत नसतं. पिढ्यान्‌पिढ्या ही घराणी तिथे आहेत. कथा अशी की रामाने हनुमंताला शिवलिंग आणायला धाडलं, त्याला उशीर झाला, तेव्हा सीतेने वाळूचं लिंग केलं. मग हनुमंत पोचला. तो हिरमुसू नये म्हणून त्याने आणलेल्या विश्वलिंगाची पूजा आधी करावी, असं रामाने सांगितलं, आणि आजही आधी त्याचीच होते. मला या कथेत सगळ्यात जास्त हेच आवडतं. जवळच्या वाळूत देव झाला होता, काम भागलं होतं, तरीही लांबून वाहून आणलेल्याचा मान रामाने राखला.

इथे मला आईची लोटी सांगितली पाहिजे.

आई-दादा काशीला गेले तेव्हा त्यांनी दोन लोट्या आणल्या होत्या. तांब्याच्या, तोंडाला डाख दिलेल्या. घरी मावंदं घातलं तेव्हा एक फोडून सगळ्यांना तीर्थ दिलं, आणि दुसरी देव्हाऱ्यात ठेवली. ती रामेश्वराची. काशीची गंगा रामेश्वराला घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे आईला तिच्या आईने सांगितलेलं. दर सणाला ती लोटी चिंचेने घासायची. उसाचं बिल झालं की रामेश्वराचा विषय निघायचा आणि दरवेळी काहीतरी आडवं यायचं. थोरल्या बहिणीचं लग्न, विहिरीचं काम, बहात्तरचा दुष्काळ.

एका हंगामात आमच्या रानाच्या कडेला ऊसतोडीच्या टोळीच्या कोपी पडल्या होत्या. बीडकडची माणसं. त्यातल्या एकीचा म्हातारा सासरा तापाने पडला. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले, पण रात्री म्हाताऱ्याला घरघर लागली. ती बाई आमच्या दारात आली. "मावशी, गंगंचं पाणी असंल तर द्या. म्हाताऱ्याचा जीव अडकलाय." दादा ओसरीवरून म्हणाले, "अगं, ती रामेश्वराची हाय." आई काही बोलली नाही. विळ्याच्या टोकाने तिने डाख उचकटली, तुळशीचं पान खुडलं आणि कंदील माझ्या हातात दिला. कोपीत पाचटावर गोधडी टाकून म्हाताऱ्याला निजवलं होतं. आईने पान बुडवून त्याच्या ओठांना लावलं, दोनदा, तीनदा, आणि मग लोटीच त्या सुनेच्या हातात दिली. पहाटे म्हातारा गेला. लोटी परत आली ती घासूनपुसून, रिकामी. आईने ती फडताळात उलटी ठेवली. नंतर कुणी रामेश्वराचं विचारलं तर ती म्हणायची, "घातली की गंगा."

ती रामेश्वराला कधीच गेली नाही. मी गेलो तेव्हा ती लोटी घेऊन गेलो, तशीच, रिकामी. गुरुजींनी जुन्या वळणाच्या, तमिळ हेल असलेल्या मराठीत विचारलं, "गंगा आणली?" मी लोटी काढली. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी दोन वाक्यांत हकिकत सांगितली. शेजारी बनारसकडचं एक कुटुंब उभं होतं, त्यांच्याजवळ गंगेचा कॅन होता. त्यातल्या आजीने काय झालं ते विचारून घेतलं आणि काही न बोलता कॅन वाकडा करून माझ्या लोटीत घोटभर पाणी घातलं. तेवढं आत गेलं, आईच्या नावाने.

ही बाई मला करंज्यात भेटली नसती. पुतण्याला मी सांगितलं ते हेच. बेटावर देव जास्त आहे, असं मी म्हणत नाही. पण हजारो मैलांवरून माणसं तिथे काहीतरी वाहून आणतात, आणि म्हणून तिथे एकमेकांना देण्यासारखं पुष्कळ असतं. ही वाट अशीच बांधली गेली आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहून कळवलं होतं की रामेश्वराच्या वाटेवरच्या त्यांच्या छत्रांमध्ये ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्याला शिजवलेलं अन्न मिळतं, आजारी पडला तर वैद्य आणि औषध, वाटेत मेला तर त्याच्या रिवाजाप्रमाणे अंत्यविधी, पोरकी झालेली मुलं असतील तर त्यांचा सांभाळ आणि शिक्षण. ओरत्तनाडूचं मुक्तांबा छत्र त्याच काळातलं, त्याच वाटेवरचं. एका मराठी राजाने देवळापेक्षा देवळाकडे जाणाऱ्या माणसाची काळजी केली, याचा मला अभिमान वाटतो. आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांनी याच रामेश्वराच्या देवळात सांगितलं की दुबळ्यात, दरिद्री माणसात, रोग्यात ज्याला शिव दिसतो त्याचीच पूजा खरी. बेटावर येऊन, दर्शनाला आलेल्या लोकांसमोर ते हे बोलले.

शेवटी धनुष्कोडी. २०१७ पासून टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे. अरिचलमुनैला एका अंगाला समुद्र संथ आणि दुसऱ्या अंगाला उसळता. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळाने हे गाव नेलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी शंभराहून अधिक माणसांसह पाण्यात गेली. पूलही मोडला होता, तो ४६ दिवसांत उभा करणारे ई. श्रीधरन पुढे आपल्या कोकण रेल्वेमुळे घराघरांत माहीत झाले. वाळूत पडक्या चर्चच्या, स्टेशनच्या भिंती उभ्या आहेत. कोदंडरामाचं देऊळ तेवढं वाचलं. लोक ते देवाचं सामर्थ्य म्हणून दाखवतात. मला तसं म्हणवलं नाही. देऊळ वाचलं आणि गाडीतली लेकरं गेली, यात देवाची बढाई सांगायची कशी? तीर्थ माणसाला राखत नाही, कुणालाच राखलेलं नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कबूल करावं लागतं. त्या गाडीत कोण यात्रेकरू होता, कोण घराकडे निघालेला, ठाऊक नाही. निघालेल्या माणसाचं निघणं वाया जात नाही, एवढं मी मानतो, आणि आईची यात्रा पुरी झाली हेही त्याच हिशेबाने मानतो.

सेतूची वाळू प्रयागला गंगेत सोडायची, असा जुना क्रम आहे. चिमूटभर वाळू लोटीत घेऊन आलो आहे. माघात प्रयागला निघायचं ठरलं आहे, पुतण्याही येतो म्हणतो. येताना दोन लोट्या भरून आणू. एक मावंद्याला लागेल. दुसरी घरात राहील, डाख न देता.