उद्याच्या माणसांसाठी आजचं छप्पर

धूळपेरणी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती आधी सांगायला हवी. मृगाचा पाऊस अजून पडलेला नसतो, रानात धुरळा उडत असतो, आणि तशा कोरड्या रानात आमच्या जालना जिल्ह्यातला शेतकरी सरकी टोबून मोकळा होतो. पाऊस वेळेवर आला तर पीक चार पावलं पुढे. नुसता शिडकावा देऊन गेला तर बी वाया आणि दुबार पेरणी. ही श्रद्धा की जुगार? मला वाटतं, बी कोणाचं आहे यावर ते ठरतं. उधारीवर आणलेल्या बियाण्याची गोष्टच वेगळी.

हा विचार सुरू झाला एका ख्रिस्ती मंडळीमुळे. शाळेतला माझा एक मित्र तिथे पंच आहे. पत्र्याच्या हॉलमध्ये रविवारची उपासना होते, माणसं वाढलीत, पोरं दाराबाहेर चपलांशेजारी बसतात. शेजारचा प्लॉट विकायला निघाला. पंचांपुढे प्रस्ताव आला की विश्वासाने पाऊल टाकू, प्लॉट घेऊ, आजच्या दुप्पट माणसं मावतील असं मंदिर बांधू. हातातले पैसे खर्चाच्या चौथा हिस्साही नाहीत. मी ख्रिस्ती नाही. मित्राने मला एक्सेल शीट पाठवली ती मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून.

आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. सेलच्या आधी सर्व्हर वाढवून ठेवतो, गर्दी ओसरली की बंद करतो. त्याला कोणी विश्वास म्हणत नाही, अंदाज म्हणतात, आणि चुकला तर बिल कंपनी भरते. भिंत मात्र बंद करता येत नाही. शिवाय त्या शीटमध्ये ‘अपेक्षित दान’ असा रकाना होता, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक घर होतं.

जालन्यात हा प्रश्न नवा नाही. १८६० च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री इथे आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी. त्यांच्याभोवती जमलेली माणसं प्रामुख्याने मांग आणि महार, म्हणजे ज्यांना गावच्या विहिरीवर जागा नव्हती आणि नावावर जमीन नव्हती. या मंडळीला नुसतं देऊळ पुरणार नाही, गाव लागेल, हे नारायणरावांनी ओळखलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल वसवलं. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेतही ते जाऊन बोलले. बामणाचा पोर मांगांसाठी गाव वसवतो, तेही मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर. आमच्या शाळेच्या पुस्तकात यातली एक ओळही नव्हती.

बेथेल म्हणजे देवाचं घर. नाव बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं. घरातून पळालेला याकोब दगड उशाला घेऊन झोपतो, सकाळी तोच दगड उभा करतो आणि चक्क नवस बोलतो: खायला अन्न, ल्यायला वस्त्र मिळालं, सुखरूप घरी परतलो, तर तू माझा देव. धर्मांतर केलेल्या गरिबांना ‘भाकरीसाठी गेले’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा वाचावा. भाकर मागणं त्या श्रद्धेच्या पायातच आहे. मला तरी त्यात कमीपणा दिसत नाही.

मला खुपतं ते वेगळंच. नारायणरावांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते स्वतःचा निर्णय घेण्याच्या वयाचे होते. पण मिशनऱ्यांकडे त्यांच्यामागोमाग धाकटा भाऊ श्रीपतही गेला होता, आणि तो लहान होता. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने मुलाला आईबापांच्या हवाली केलं. आता तो घरी आला खरा, पण मिशनऱ्यांकडे जेवलेल्या पोराला जातीत कोण घेणार? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. थोरल्याच्या उडीची पुस्तकं झाली. धाकटा इतिहासात एक ‘प्रकरण’ म्हणून उरला.

उडी एकाची आणि खरचटणं दुसऱ्याचं, हे पुढेही झालं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. ज्या पणजोबाने विहिरीच्या पाण्यासाठी, माणूस म्हणून बसायला मिळावं म्हणून पाऊल टाकलं, त्याच्या पणतूला कॉलेजच्या फॉर्मवर त्याचा हिशेब लागतो. दोष पणजोबाचा नाही, कायद्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी पाऊल टाकताना पणतूला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारणं शक्यही नव्हतं.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, मग कोणी काहीच करायचं नाही का?” त्याचं बरोबर आहे. त्याने विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट काढली. श्रीमंत मोठमोठी दानं टाकतात, ती होतं नव्हतं ते टाकते, आणि येशू म्हणतो तिनेच सगळ्यांहून जास्त दिलं. मी मार्क उघडून पाहिलं. त्याच्या अगदी आधी, त्याच अध्यायात, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशू तुटून पडलाय. आणि पुढचा अध्याय सुरू होतो तो ज्या मंदिरात तिने पैसे टाकले त्याचा दगडावर दगड राहणार नाही या भाकिताने. तिन्ही सलग वाचलं की ती गोष्ट निव्वळ कौतुकाची राहत नाही. लूकमध्ये बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजायला सांगणाराही तोच आहे. म्हणजे एक्सेल शीट अधर्म नव्हे!

मी दोन गोष्टी सुचवल्या. कर्ज घ्यायचं तर जामीन पंचांनी स्वतः राहायचं. आणि दानाचे आकडे उपासनेत मोठ्याने वाचायचे नाहीत, कारण शेजाऱ्याने पाच हजार म्हटल्यावर पाचशे म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या सूचनेवर मित्राची आईच चिडली. काकू अंगणवाडीत मदतनीस आहेत, महिन्याला पाचशे लिहून दिलेत. मला फोनवर म्हणाल्या, “माझ्या सासूकडं जन्मभर समदे द्यायलाच आले. जुनं लुगडं, उरलेली भाकर. मागायला कुणी आलं नाही तिच्या दारात. माझ्याकडं मागायलेत, तर तू मधी नको पडू बाबा.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गरिबाला वाचवायला निघालेला माणूस त्याला पुन्हा घेणाऱ्यांच्या रांगेत बसवतो, हे शीटमध्ये कुठे दिसणार?

शेवटी पंचांनी प्लॉटचा इसार दिला, बांधकाम थांबवलं आणि तोवर उपासना दोनदा घ्यायची ठरवलं, सकाळी आठला आणि साडेदहाला. जामिनावर अजून वाद चालू आहे. दानाचे आकडे बंद पाकिटात घ्यायचं मान्य झालं. काकूंनी आपलं पाकीट चिकटवलंच नाही.