दुभाष्याची अमानत

कोलशेतला वायुदलाचे केंद्र असल्याने आमच्या भागातील तरुणांना लष्करी सेवा परकी वाटत नाही. परंतु बंदूक न उचलताही अल्लाहसमोर जाब द्यावा लागेल असे एक काम त्या सेवेत आहे, ते दुभाष्याचे. जिंकलेल्या देशात तर ते फारच अवघड.

१९४६ मध्ये थिमय्या यांच्या नेतृत्वाखालील भारतीय ब्रिगेड पराभूत जपानमध्ये गेली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. (स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाचे सैनिक दुसऱ्या देशावर पहारा देत होते!) गावकऱ्यांशी बोलायचे तर मध्ये दुभाष्या हवाच. त्याच वर्षी टोकियोत युद्धगुन्ह्यांचा खटला सुरू झाला. तेथे दुभाषे जपानी, त्यांच्यावर देखरेखीला जपानी वंशाचे अमेरिकन आणि वादग्रस्त शब्दांचा निवाडा करणारे मंडळ त्यांच्याही वर. जपानी वंशाच्या याच समाजाला अमेरिकेने युद्धकाळात छावण्यांत डांबले होते. विश्वास कोणाचाच कोणावर नव्हता.

आदरणीय पैगंबर (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुदी लोकांची लिपी शिकावयास सांगितले, ती त्यांनी पंधरवड्यात आत्मसात केली, असे तिर्मिजीत आहे. कारण विश्वासाचेच होते. म्हणजे दुभाष्या हा निव्वळ तोंड नसून अमीन आहे आणि ही अमानत दोन्ही पक्षांची आहे.

अधिकाऱ्याचा कठोर हुकूम दयेपोटी सौम्य करून सांगावा काय? माझ्या मते नाही. गावकरी त्या सौम्य शब्दांवर विसंबतो आणि शिक्षा मात्र मूळ हुकुमाप्रमाणे भोगतो. शत्रू म्हणून गावकऱ्याचे गाऱ्हाणे गाळणे हाही अन्यायच. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत द्वेषापायी न्याय सोडण्यास मनाई आहे. मात्र कैद्याचा छळ चालू असताना प्रश्नांचे अचूक भाषांतर करणारा निर्दोष ठरत नाही. त्याच सूरहच्या दुसऱ्या आयतीने पापात सहकार्य निषिद्ध केले आहे. तेथे शब्द बदलू नये, उठून जावे.

उठून जाणे लिहिण्याइतके सोपे नाही. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याने परक्या सैन्याची नोकरी धरली, तर लोक त्याला गद्दार म्हणतात. पण तो त्या जागी नसता, तर त्याच लोकांचे गाऱ्हाणे अधिकाऱ्याच्या कानी कोणी घातले असते?