अ‍ॅबिगेल होणाऱ्या नातीस

चि. मनूस,


तुझं पत्र पहाटे पाचला, चहाचं आधण ठेवून, पुन्हा वाचलं (तू अजून आठलाच उठतेस का गं?). ‘द क्रुसिबल’मधली अ‍ॅबिगेल तुला मिळाली, दोन रात्रींत पाठांतरही झालं, आणि ‘आजी, खरी चेटकीण हीच’ असं लिहून मोकळी झालीस. काम तू छानच करशील, त्याची मला काळजी नाही. पण दोन रात्री, बाळा? लोणचंसुद्धा मुरायला याहून जास्त दिवस घेतं.

आर्थर मिलरचं हे नाटक न्यूयॉर्कला आलं 1953 साली, अमेरिकेत घरोघरी कम्युनिस्ट शोधायची धामधूम चालली होती तेव्हा. गोष्ट मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटूक-खटल्यांची, 1692ची. खरी अ‍ॅबिगेल 11-12 वर्षांची पोर. मिलरने तिला 17ची केली आणि तिचा जीव जॉन प्रॉक्टरवर जडवला. रानात नाचताना पकडली गेली, अंगावर येऊ लागलं तसं तिने टिटुबा या गुलाम बाईवर ढकललं, आणि ते खपलं म्हटल्यावर एकामागून एक नावं. तिची पहिली थाप भित्र्या पोरीची आहे गं. तिथेच डोळे वटारलेस तर सुईपाशी पोचेपर्यंत तुझ्याकडे काय उरेल?

ती सुई नीट बघ. मेरी वॉरेन कोर्टात बसल्या बसल्या चिंध्यांची बाहुली शिवते आणि सुई हरवू नये म्हणून तिच्यातच खोचून ठेवते. मी उशीच्या अभ्र्याला खोचते ना, तशी. तू एकदा बसलीही होतीस त्यावर! शेजारी अ‍ॅबिगेल असते. ती बाहुली मेरी जॉनच्या बायकोला, एलिझाबेथ प्रॉक्टरला देते, आणि त्याच संध्याकाळी जेवता जेवता अ‍ॅबिगेल किंचाळून कोसळते, पोटात दोन इंच सुई. इकडे बाहुलीतही सुई. झाली करणी सिद्ध! कोणी शिवली, शेजारी कोण होतं, मेरी सगळं तिथल्या तिथे सांगते. पण एलिझाबेथचं वॉरंट घेऊन आलेल्यांना दम कुठला. अ‍ॅबिगेलने मेरीच्या हाताकडे पाहिलं तो क्षण रंगमंचावर येतच नाही, म्हणून एखाद्या सकाळी लवकर उठून, मैत्रिणीला शिवायला बसवून, तू तो घरी करून बघ. घाई न करता. नुसती बघत बस.

माझा जीव मात्र रेबेका नर्सवर. नाटकात तिला 11 मुलं, 26 नातवंडं. तळमळणाऱ्या पोरीच्या उशाशी ती काही न बोलता उभी राहते आणि पोर निवते. खरी रेबेका 71 वर्षांची होती, कानाने अधू. पंचांनी आधी निर्दोष म्हटलं, मग त्यांना फेरविचाराला पाठवलं; त्यांनी तिला एक गोष्ट विचारली ती तिला ऐकूच आली नाही, आणि ती गप्प राहिली म्हणून दोषी ठरली. फासावर गेलेल्या 19 जणांत ती एक. (मलाही उजव्या कानाने कमी येतं हल्ली, तेव्हा फोन दोनदा वाजला तर चिडत जाऊ नकोस.)

माझ्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ ट्रंकेत जपून ठेवला होता, त्याची बाहुली शिवून पाठवते आहे. तालमीला तीच घ्या, उगाच विकतची आणू नका. सुई काढून घेतली आहे. दोनदा चाचपून पाहिलं.

तुझी,
आजी