संमतीपत्रावर सही करण्याआधी

"स्काऊटात टाका, पोरगा लायनीवर येते." शाळा उघडल्या की राजुऱ्यातल्या पालकांच्या तोंडी हे वाक्य हमखास येते. बोलणाऱ्याची तळमळ खरी असते. पोरगा मोबाइल खाली ठेवत नाही, घरात कुणाचे ऐकत नाही, तेव्हा गणवेश आणि शिट्टी तरी त्याला वळण लावतील अशी आशा असते. पण या वाक्यात स्काऊटिंगची जी समजूत दडली आहे, ती नुसती अपुरी नाही, मुलाच्या दृष्टीने घातक आहे. ब्राउनसी बेटावरचे १९०७ सालचे शिबिर, बेडन-पॉवेल, डाव्या हाताचे हस्तांदोलन, दोरीच्या गाठी हे सगळे कब किंवा स्काऊटमध्ये एखादे वर्ष काढलेल्याला ठाऊक असते. सहसा लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळी आहे. १९०८ च्या मूळ नियमांत सातवा नियम आज्ञापालनाचा होता: संघनायक आणि स्काऊटमास्तर यांची आज्ञा काहीही न विचारता पाळायची. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था उभी राहिली. तिच्या आजच्या नऊ नियमांत 'काहीही न विचारता' हा भाग नाही. शिस्त आहे, पण तिच्या जोडीला सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण आहे आणि लगेच पुढचा नियम धैर्याचा आहे. मुलाला लायनीवर आणू पाहणाऱ्या पालकाला नेमका हा वगळलेला भागच हवा असतो.

या पद्धतीचा जीव आज्ञेत नाही, संघात आहे. संघ सहा ते आठ मुलांचा आणि संघनायक त्यांच्यातलाच. तंबू कुठे ठोकायचा, पाणी कोण आणणार, शिधा कसा पुरवायचा, हे त्यांनीच ठरवायचे. बिनभांड्याच्या स्वयंपाकात पळसाच्या पानात गुंडाळलेला कणकेचा गोळा निखाऱ्यात किती वेळ ठेवायचा, हे पहिल्यांदा कुणालाच उमगत नाही. वरून करपतो, आत कच्चा राहतो आणि तोच खावा लागतो. पुढच्या खेपेला तोच मुलगा निखारे आधी पसरून घेतो आणि गोळा लहान करतो. हे शिक्षण बाहेरून कुणी देऊ शकत नाही, पण बाहेरून मोडता मात्र येते, आणि मोडणारे बहुतेक वेळा पालकच असतात. 'खरी कमाई' पाहा. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने चार पैसे मिळवावेत हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात शाळेच्या मैदानावर दुकाने लागतात, आई पहाटे उठून वडे तळून देते, बाबा गल्ल्याजवळ उभे राहतात आणि मुलगा फोटोपुरता प्लेट पुढे करतो. सोपान चाचण्यांची नोंदवहीही कित्येक घरांत मोठ्या बहिणीच्या अक्षरात असते. रेल्वेत स्काऊट-गाइडसाठी भरतीचा वेगळा कोटा आहे, प्रमाणपत्राला मोल आहे, हे मान्य. पण कमाई आईची आणि वही ताईची असेल, तर त्या प्रमाणपत्रात मुलाचे काय उरते? म्हणून पालकांना पहिले सांगणे असे वाटते की दूर राहा. हात भाजेल, तंबू गळेल, भांडण होईल, तर होऊ द्या.

इथे थोडे आडवाटेला जाणे भाग आहे. आपल्या मुलाने रानात काय शिकायचे, हा प्रश्न मुंबईत जसा आहे तसा राजुऱ्यात नाही. कब पथकाच्या प्रमुखाला 'अकेला' म्हणतात. तो किपलिंगच्या 'जंगल बुक'मधला लांडगा, आणि त्या कथांतले रान सिवनीचे, वैनगंगेच्या काठचे. तीच वैनगंगा खाली येऊन राजुऱ्याशेजारून गेलेल्या वर्धेला मिळते आणि पुढे प्राणहिता होते. म्हणजे या नदीकाठची गोष्ट विलायतेला गेली, १९१६ मध्ये तिथल्या लहान मुलांच्या पथकांचा पाया झाली आणि गणवेश घालून पुन्हा याच नदीच्या खोऱ्यात आली. खुद्द बेडन-पॉवेलनेही माग काढण्याच्या विद्येतले पुष्कळसे आफ्रिकेतल्या रानकऱ्यांकडून उचलले होते. जिवतीच्या डोंगरातले कोलाम किंवा गोंड पोर मोहफुले वेचायला पहाटे आजीबरोबर निघते, तेव्हा ओल्या मातीतले पाऊल कुणाचे, वानर का ओरडले, कोणते कंद खायचे नाहीत, हे त्याला बिल्ल्याशिवाय माहीत असते. राजुऱ्याच्या पथकात असे एखादे मूल असेल आणि माग काढण्याच्या तासाला स्काऊटमास्तराने त्यालाच पुढे उभे केले नाही, तर त्या तासाची किंमत फार थोडी.

पण हेच रान 'दूर राहा' या सांगण्याला पहिला अडसर घालते. ऑक्टोबर २०२० मध्ये 'आरटी-१' हा वाघ पिंजऱ्यात येईपर्यंत राजुरा परिसरात आठ जणांचा जीव गेला होता. ज्या देशात दोन मुलांना शिदोरी देऊन रात्रभराच्या भटकंतीला धाडता येते, तो देश वेगळा. इथे संध्याकाळी जंगलकडेला मुले मोकळी सोडणे म्हणजे धैर्य नव्हे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सागाच्या वाळल्या पाल्यात शेकोटी पेटवणे म्हणजे वणव्याला बोलावणे. म्हणून जोखमीचे दोन भाग केल्याशिवाय गत्यंतर नाही. एक जोखीम मुलाला दिसते: चाकू, निखारा, दोर, रुसलेला मित्र. ती मुलाच्या हाती सोपवायची. दुसरी त्याला दिसत नाही, कारण ती ओळखण्याचे त्याचे वय नसते. ती मोठ्यांनी वाहायची.

न दिसणाऱ्या जोखमींत वाघाहून भयंकर जोखीम माणसाची आहे. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे दावे ८२ हजारांहून अधिक जणांनी दाखल केले. संशयित प्रौढांच्या फायली संस्था स्वतःजवळ गुप्त ठेवत आली होती. त्यांतल्या १,२०० हून अधिक २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने उघड झाल्या. हे सातासमुद्रापारचे म्हणून बाजूला सारता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यात एका खासगी शाळेत चक्क बनावट एनसीसी शिबिर भरले आणि त्यात लहान मुलीवर अत्याचार झाला. शिबिर घेणाऱ्यांचा एनसीसीशी संबंधच नव्हता. गणवेश पाहून कुणी काही विचारले नाही. आणि २०१९ मध्ये राजुऱ्यातल्याच एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराने राज्य हादरले होते. 'ऐकायला शीक' एवढाच निरोप देऊन मुलाला पाठवणारा पालक त्याला या जोखमीपुढे निःशस्त्र करून पाठवतो. मोठ्या माणसाला ठाम 'नाही' म्हणणे आणि घरी येऊन सगळे सांगणे, हे त्या नऊ नियमांतल्या धैर्यातच बसते, आणि ते मुलाला घरीच शिकवून ठेवायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. मास्तरांवर आधीच जनगणना, निवडणूक, पोषण आहार. त्यात स्काऊटचा कार्यभार बहुधा गळ्यात मारलेला. इतकी चौकशी केली तर पथक चालवायला कोण पुढे येणार? मात्र यात एक गृहीत आहे, की प्रश्न म्हणजे संशय. पथकाची यंदाची नोंदणी झाली आहे का, मास्तरांचा बेसिक कोर्स झाला आहे का, मुलींबरोबर गाइड कॅप्टन मुक्कामाला असतील का, एका मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीच राहणार नाही हा नियम पाळला जातो का, वनविभागाला कळवले आहे का, जवळचे रुग्णालय कोणते, या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिक मास्तराकडे तयार असतात. दोन मोठ्यांचा नियम त्यालाही खोट्या आरोपापासून वाचवतो. गुन्हा कळूनही न कळवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे बोभाटा नको म्हणून गप्प बसणारी शाळा स्वतःच अडकते. १०९८ हा क्रमांक मुलाला पाठ असावा.

तरीही आक्षेपातला अर्धा भाग शिल्लक राहतोच: नियम दोन मोठ्यांचा, आणि शाळेकडे मास्तर एकच. हा दुसरा माणूस पालकांमधूनच यावा लागेल. म्हणजे दूर राहा, हे सुरुवातीचे सांगणे निम्मेच टिकते. मुलाच्या चुलीपासून, वहीपासून, भांडणापासून दूर राहावे, पण शिबिराच्या मैदानावरून नाही. स्वतःच्या मुलाच्या संघाकडे फिरकू नये आणि दुसऱ्यांच्या मुलांवर रात्री लक्ष ठेवावे. हेही सर्वांना जमणारे नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत शिबिर लागले तर रोजमजुरी बुडवून कोण येणार? खाणीत आणि सिमेंट कारखान्यात पाळी बदलून घेता येते, शेतात येत नाही. आश्रमशाळेतल्या मुलाचे आईबाप तर दूर डोंगरात असतात. संमतीपत्रावर त्यांचा अंगठा उमटतो, पण विचारायला तोंड कुणापुढे उघडायचे हेच त्यांना माहीत नसते. तेव्हा राजुरा शहरातल्या ज्या पालकाला सुटी मिळते, त्याने पालकसभेत उठून विचारताना आपल्या मुलाचे नाव घेऊ नये. पथकातल्या सगळ्या मुलांची यादी मागावी आणि कोणत्या मुलांच्या घरून कुणीच येऊ शकलेले नाही, हे आधी विचारावे.