पिंपातली रेघ

सकाळी अंगणात चहा घेताना पोटरीला काहीतरी चावतं. आपण हात मारतो आणि पुन्हा पेपरात डोकं घालतो. हा रात्री कानाशी गुणगुणणारा डास नव्हे. अंगापायावर पांढरे पट्टे असलेला, दिवसाउजेडी चावणारा हा एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या, दोन्ही त्याच्याच मार्फत.

२००६ साली मराठवाड्यात चिकुनगुन्या आला, तेव्हा धडधाकट माणसं भिंत धरून चालत होती. नावात चिकन ऐकू येतं म्हणून काहींनी कोंबडी सोडली. शब्द मुळात आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. त्याआधी १९७३ साली हाच ताप बार्शीत येऊन गेला होता. त्याच्या विषाणूवर नेमकं औषध ना तेव्हा होतं, ना आज आहे.

बार्शी काय, आमचं उदगीर काय, दोन्ही टंचाईचे मुलूख. पाणी साठवणाऱ्या गावात या डासाचं फावतं, हे मला उशिरा उमगलं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत वाढलेली पिंपं अजून तशीच आहेत.

परवा शेजारच्या काकूंना म्हटलं, “पिंपात वळवळे झालेत, पाणी ओतून द्या.”

“नळ आठ दिवसाला, अन् भरलेलं पाणी सांडू? काय बोलायलास रे?”

त्यांचं खरंच होतं. मग फडक्यातून पाणी घागरींत गाळून घेतलं, वळवळे कोरड्या मातीवर झटकले आणि पिंप आडवं केलं. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, आतल्या अंगाला खसखशीएवढे काळे ठिपके. ही अंडी. कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. पाणी वर चढलं की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. नळाचा फेराही तेवढाच! म्हणजे नुसतं पाणी बदलून भागत नाही, ती रेघ घासावी लागते. काकूंनी काथ्यानं खसाखसा घासली, तेच पाणी परत ओतलं, वर जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधलं.

मग कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अन् कूलरचं काय रे?”

कूलर मागच्या ओसरीत, पाऊस पडल्यापासून बंद. झाकण काढलं. तळाशी चार बोटं पाणी होतं.